तिरक्या डेकचं वैर

लुरीन टेटमच्या घरात राहायचं तर दोन गोष्टी पचवाव्या लागतात, असं गोदीतले लोक म्हणायचे. एक तिची कोलार्ड नावाच्या जाड पाल्याची भाजी आणि दुसरी तिची जीभ. भाजी ती डुकराच्या हाडाबरोबर सकाळपासून रटरटत ठेवायची, त्यामुळे ती निदान मऊ तरी व्हायची.

बाई मूळची नदीपलीकडची. बाप खाडीत कालवं काढायचा आणि ही शाळा सुटली की शेडमध्ये उभी राहून सुरीने ती फोडायची. महायुद्धात गोदीला माणसं कमी पडली तेव्हा ती वेल्डिंग शिकली. युद्ध संपलं, पुरुष परत आले, आणि फोरमनने सगळ्या बायकांना एका शुक्रवारी घरी पाठवलं. जाताना डोक्यावरच्या टोप्या परत द्या म्हणाला. बाकीच्यांनी मुकाट्याने दिल्या. लुरीनने तिची त्याच्या पायावर आपटली आणि म्हणाली, "घाला तुमच्या बायकोला."

अशा बाईशी लग्न कोण करणार, असं तिची आईच म्हणायची. डॉयल टेटमने केलं. तो नौदलात साधा खलाशी होता. उंच, ढिला, नेहमी हसणारा. लुरीन त्याच्यावर ओरडायला लागली की तो खुर्ची ओढून समोर बसायचा आणि म्हणायचा, "बोल, बोल. समुद्रावर इतकं छान कोणी रागावत नाही." त्याच्यापुढे तिचा राग टिकायचा नाही.

कोरियाची लढाई सुरू झाली आणि डॉयलची बोट तिकडे गेली. तो परत आला नाही. नौदलाचा एक अधिकारी दारात येऊन 'कर्तव्य बजावताना' एवढं बोलला आणि कॉफी न घेता गेला. खरं काय झालं ते टली नावाच्या डॉयलच्या दोस्ताने सांगितलं. तो सुट्टीवर आल्या आल्या थेट तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

"आमचं काम डेकच्या पुढच्या टोकाला," टली म्हणाला. "उतरलेली विमानं तिथे रांगेत लावायची, चाकाखाली ठोकळे सारायचे, साखळ्या बांधायच्या. विमान मागच्या टोकाकडून उतरतं. त्याच्या शेपटीला आकडा असतो, तो डेकवरच्या तारेत अडकला की विमान थांबतं. नाही अडकला तर मध्ये जाळं असतं. त्या दिवशी आकडाही अडकला नाही आणि ते जेट जाळ्यावरून उडी मारून सरळ आमच्यावर आलं. मी शिडीपाशी होतो म्हणून... डॉयल साखळी बांधत होता. त्याची पाठ होती तिकडे. त्याला कळलंही नसेल, लुरीन."

"तुला कसं माहीत, त्याला कळलं नाही ते?" तिने विचारलं. टलीने समोरचा केक संपवला नाही आणि नंतर तो फिरकलाही नाही.

घर चालवायला तिने वरच्या खोल्या गोदीवाल्यांना द्यायला सुरुवात केली. पहिला आला गस ग्रिग्ज, कॅरोलायनाचा वेल्डर. पन्नाशीचा, गालांवर ठिणग्यांचे डाग, आणि तोंड तिच्याइतकंच सैल. त्याचं तिच्याशी जमलं ते त्यामुळेच. दुसरा आला एल्वुड क्रेगर. हा उत्तरेकडचा, म्हणजे दक्षिणेतल्यांच्या भाषेत यांकी. बारीक अंगाचा, कायम कोट घातलेला, गोदीच्या नकाशाघरात बोटींचे नकाशे काढणारा. पहिल्याच दिवशी जेवायला बसल्यावर त्याने काटा रुमालाने पुसून घेतला.

"यांकी आहे, मिस लुरीन," गस कुजबुजला. "त्यांच्याकडे काटे घाण असतात, सवय आहे बिचाऱ्याला."

क्रेगरला ऐकू गेलं, पण त्याने सुरीही पुसायला घेतली. तो बोलायचाच नाही. लुरीनला तो आवडला नव्हता, पण वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, तेव्हा तिचंही काही म्हणणं नव्हतं.

एका रविवारी चर्चनंतरच्या जेवणाला क्रेगर जरा खुलला होता. गोदीत तेव्हा नवी विमानवाहू बोट बांधायला घेतली होती, जगात कोणी बांधली नव्हती एवढी मोठी. तिच्या डेकचे त्याने काढलेले नकाशे वरून मंजूर होऊन आले होते. गसने त्याला डिवचलं.

"मिस्टर क्रेगर, मी दिवसभर पत्र्याला पत्रा जोडतो. कशाला काय जोडतो ते देवाला ठाऊक. तुम्ही वर बसून रेघोट्या ओढता. आज सांगूनच टाका, ते आहे तरी काय?"

क्रेगरने मक्याच्या पावाची लांबट थाळी पुढे ओढली. "हा डेक समजा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. वर काहीही नाही, धुराडी नाहीत, मनोरा नाही. आता हे विमान." त्याने मिठाची बाटली उचलली. "मागून आलं, इथे तारांत अडकलं, थांबलं. मग पुढे नेऊन ठेवलं." मिरपुडीची, साखरेची आणि मोहरीची भांडी त्याने थाळीच्या पुढच्या टोकाला नीट रांगेत मांडली.

"आणि तार चुकली तर?" गसने विचारलं.

"मध्ये जाळं आहे."

"आणि जाळं चुकलं तर?"

"क्वचित होतं तसं." क्रेगरने मिठाची बाटली पुढच्या भांड्यांवर हलकेच टेकवली. मोहरीचं भांडं कलंडलं. "थोडंफार नुकसान गृहीत धरावं लागतं. वर्षाला अमुक विमानं, अमुक माणसं. जेट विमानं जड झाली, वेगवान झाली, म्हणून आपण डेक लांब केला. याहून जास्त काय करणार?"

गस क्रेगरकडे नाही, दाराकडे बघत होता. लुरीन वाटाण्यांचं भांडं घेऊन दारात उभी होती. टलीने तोंडी सांगितलेलं तिने मनात हजारदा बघितलं होतं, पण ते तिच्याच टेबलावर, तिच्याच भांड्यांनी कोणी मांडून दाखवेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने वाटाणे टेबलावर ठेवले. "ही भांडी जिथे ठेवलीत तिथे कोण असतं?"

"विमानं, मिसेस टेटम. उभी करून ठेवलेली."

"ती आपोआप उभी राहतात?"

क्रेगरने गसकडे बघितलं. गसने मान खाली घातली. "खलाशी असतात," क्रेगर म्हणाला.

"मग तसं म्हणा ना. अमुक माणसं काय म्हणता? माझा नवरा होता तिथे. तो मोहरीचं भांडं नव्हता."

क्रेगरचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण तो नकाशे काढणारा माणूस, चुकीचं विधान त्याला सोडवेना. "मला वाईट वाटतं. पण मिसेस टेटम, ती चूक विमान चालवणाऱ्याची असते. डेकची नव्हे."

लुरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेऊन सगळं बादलीत ओतलं.

गसला वाटलं, आता यांकीची पेटी रस्त्यावर येणार. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हाकला ना त्याला, मिस लुरीन. मी पेटी उचलायला मदत करतो."

"हाकलू? म्हणजे दुसरीकडे जाऊन सुखाने जेवेल. राहू दे इथेच. मला तो डोळ्यांसमोर हवा आहे."

तेव्हापासून तिने क्रेगरला पाण्यात पाहिलं. डॉयलची खुर्ची इतके दिवस परसातल्या खोलीत होती, ती आणून तिने क्रेगरच्या बरोबर समोर ठेवली आणि तिच्यावर कोणालाही बसू दिलं नाही. त्याची कॉफी तेवढी थंड व्हायची. त्याची अंडी तेवढी करपायची. रोज रात्रीच्या जेवणाला ती एक प्रश्न विचारायचीच. "आज किती माणसं गृहीत धरलीत, मिस्टर क्रेगर?" कधी, "आज डेक वाढला की माणसं वाढली?"

क्रेगरही काही कमी नव्हता. त्या वर्षी गोदीच्या गावात माणसांचा पूर आला होता, खोली मिळणं कठीण होतं हे खरं. पण तो जागेसाठी राहिला असं गसला कधी वाटलं नाही. गेलो तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, असा त्याचा हट्ट होता. करपलेली अंडी तो शेवटच्या घासापर्यंत खायचा आणि म्हणायचा, "आभारी आहे, मिसेस टेटम. आज मीठ बरोबर पडलंय." ती दात-ओठ खायची. एकदा तिने सरळ विचारलं, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" तर तो म्हणाला, "मी चोरी केलेली नाही. मला जे येतं ते मी नीट करतो. तुम्हाला दोषी माणूस हवा आहे आणि मी फुकटात मिळालोय."

"फुकटात नाही," लुरीन म्हणाली. "फार महाग पडलाय तुम्ही मला."

वर्ष असंच गेलं. मग एका संध्याकाळी गस भोंगा वाजल्या वाजल्या धावतच आला. टोपीही काढली नव्हती.

"मिस लुरीन, गंमत ऐका! तो सरळ डेक रद्द! डोकं इंग्रजांचं म्हणे. त्यांनी एका जुन्या बोटीच्या डेकवर तिरकी रेघ मारली आणि विमानांना सांगितलं, या रेघेवरून उतरा. आपल्या लोकांनीही मारून बघितली. तार चुकली तर विमान डावीकडे बाहेर पडतं, खाली पाणी असतं, ते आपलं जोर लावून परत उडतं आणि फिरून येतं. पुढे उभ्या असलेल्यांच्या वाटेला जातच नाही! आता आपली बोट तशी करायची, लावलेले पत्रे कापा म्हणतात. मीच जोडलेले मीच कापतोय. फोरमन तर नुसता बोंबलतोय."

लुरीन पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "रेघ कशाने मारली?"

"कशाने म्हणजे? रंगाने."

"रंगाने."

"हो. पांढरा रंग. बघायला फक्त. खरी बोट करताना..."

पुढचं तिने ऐकलं नाही. पिठाच्या हातांनीच ती जिना चढली आणि न ठोठावता क्रेगरचं दार उघडलं. तो कॉटवर कोट घालूनच बसला होता. त्याला ही बातमी सकाळीच कळली असावी, कारण त्याने काय झालं असं विचारलंच नाही.

"रंगाचा एक डबा," लुरीन म्हणाली. "एक डबा रंग आणि एक ब्रश. एवढंच लागत होतं?"

"एवढंच नाही. रंग फक्त चाचणीला. खऱ्या बोटीला डावी बाजू पाण्यावर बाहेर काढावी लागते, तेवढं वजन उजवीकडे द्यावं लागतं, नाहीतर बोट कलते. आम्ही ठरवलेलं सगळं..."

"मी बोटीचं विचारत नाही. त्या जुन्या बोटीवर रंगाने भागलं की नाही?"

"भागलं," क्रेगर म्हणाला.

"डॉयलच्या बोटीवरही भागलं असतं?"

"बहुतेक."

"मग का नाही मारली?"

"कोणाला सुचलं नाही." मग तो जणू स्वतःलाच सांगतोय असं म्हणाला, "विमानं उतरवायला लागून तीस वर्षं झाली. सगळे लांबीचाच विचार करत होतो. वळवायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. आणि खरं सांगायचं तर, हा बदल आला तेव्हा मी विरोधात लिहून दिलं. बोटीचं वजन बिघडेल म्हणून."

लुरीनला वाटलं होतं, तो खोटं बोलेल. कोणीतरी दडपलं, कोणी पैसे वाचवले, असं काही सांगेल, आणि तिला धरायला एखादी मान सापडेल. कोणाला सुचलं नाही, यावर काय करायचं? ओरडायचं कोणावर? ती दारात उभी राहिली. हातावरचं पीठ सुकून भेगाळलं होतं. आणि मग जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता.

"आता तुम्हीच काढायचा तो डेक," ती म्हणाली. "तिरका. दुसऱ्या कोणी नाही. आणि तो होईपर्यंत याच घरात जेवायचं."

क्रेगरनेच काढला; अर्थात तिने सांगितलं म्हणून नव्हे, वरून हुकूम आला म्हणून. नकाशाघरात लोकांची रात्रंदिवस धांदल होती. जुने नकाशे गुंडाळून कोपऱ्यात गेले, बोटीला उजव्या बाजूला मनोरा आला, डावीकडे डेक पाण्यावर पुढे झुकला. क्रेगर कधी घरी यायचा कधी नाही. आला की पोट धरून बसायचा. डॉक्टरने पोटात व्रण झालाय म्हणून सांगितलं. दूध आणि मऊ अंडी, बाकी काही नाही.

गसला वाटलं, आता तरी बाईचं मन वितळेल. लुरीनने दुधात भिजवलेला पाव क्रेगरपुढे आदळला. दूध टेबलावर सांडलं.

"नको आहे मला," तो म्हणाला.

"नको काय? खा! मरायचं असेल तर डेक झाल्यावर मर. माझ्या घरात अर्धवट काम टाकून मरायचं नाही."

क्रेगरने चमचा उचलला. गस खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होता, पण बाईचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. ती मनापासून बोलत होती. पुढचे दोन महिने तिने रोज त्याला दूध-पाव, अंडी, गाळलेलं सूप दिलं आणि एकदाही 'कसं आहे' म्हणून विचारलं नाही. आगगाडीच्या इंजिनात कोळसा घालावा तसं ती त्याला खायला घालत होती.

बोट पाण्यात उतरली, मग सगळी सजून समुद्रावर चाचण्यांना गेली. नकाशाघराकडून क्रेगरला बरोबर नेलं होतं. परत आला तो भर दुपारी. लुरीन परसात माशांची खवलं काढत होती. तो सरळ मागच्या दाराने तिथे आला, आणि त्याला इतकं बोलताना तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"मिसेस टेटम, आज एका विमानाची तार चुकली. मी मनोऱ्याच्या गच्चीवर उभा होतो. आकडा नुसता डेकवर घासला, ठिणग्या उडाल्या. आणि ते विमान डावीकडून निघून गेलं. सरळ हवेत. गोल फिरून आलं आणि उतरलं. पुढे साखळ्या बांधणारी पोरं होती ना, त्यातल्या एकानेही मान वर केली नाही. त्यांना काही झालंय हेच कळलं नाही." त्याचे डोळे पाणावले होते. "मला वाटलं, तुम्हाला सांगावं."

लुरीनने मासा उलटा केला. दुसरी बाजू घासायला सुरुवात केली. तिच्या मनात काय आलं ते तिने नंतर गसला सांगितलं. ती म्हणाली, त्या पोरांचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हा माणूस माझ्याकडे शाबासकी मागायला आला होता, आणि त्या डेकची किंमत डॉयलने मोजली होती.

"काम झालं?" तिने विचारलं.

"हो. झालं."

"मग शनिवारपर्यंत खोली रिकामी करा."

"मला वाटलं होतं..."

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं होतं. मासे नासतील, सरका, काम करू द्या."

शनिवारी तो गेला. गसने पेटी खाली आणायला मदत केली. जाताना क्रेगर स्वयंपाकघराच्या दारात टोपी काढून उभा राहिला; लुरीन पाठमोरी भांडी घासत राहिली.

नौदलाने बोट ताब्यात घेतल्यावर गोदीवाल्यांच्या घरच्यांना बघायला बोलावलं. लुरीन जाणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. ती गसबरोबर गेली, चर्चचे कपडे घालून. वर वारा एवढा होता की तिने टोपी काढून हातात धरली. एक तरुण अधिकारी लोकांना तिरका पट्टा दाखवून सांगत होता, किती साधी कल्पना, किती हुशारीची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गसनेही वाजवल्या.

"याच्या आधी काय व्हायचं, ते सांगता का यांना?" लुरीन मोठ्याने म्हणाली.

अधिकाऱ्याने हसून बघितलं. "मॅम, ती जुन्या काळातली गोष्ट."

"जुन्या काळातली? मी काय तुम्हाला आजीबाई दिसते? चार वर्षं नाही झाली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अधिकाऱ्याने घाईघाईने सगळ्यांना विमानं खालून वर आणणाऱ्या पाळण्याकडे वळवलं. लुरीन गेली नाही. डेकच्या पुढच्या टोकापर्यंत चालत गेली आणि मागे तोंड करून उभी राहिली, जिकडून विमानं येतात तिकडे. तिथून तो पांढरा पट्टा खरोखरच बाजूला वळून पाण्यावर निघून जात होता. ती इतका वेळ उभी राहिली की गसच्या पायांना रग लागली. रडली मात्र नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "हरामखोर. इतकं सोपं होतं."

बसमध्ये गसने खडा टाकून बघितला. "पुढच्या बोटीचं कामही क्रेगरलाच दिलंय म्हणतात. धक्क्याजवळ एका कोंदट खोलीत राहतोय. तुमची खोली रिकामीच आहे..."

"खोली देईन. त्याला नाही."

"अहो, त्याने काय मुद्दाम केलं?"

"नाही केलं मुद्दाम. ते माहीत आहे मला. म्हणून काय त्याला अंडी तळून घालू?"

खोली तिने एका सुताराला दिली. पुढे क्रेगर तिला गावात दोन-चारदा दिसला. तो टोपीला हात लावायचा आणि ती त्याच्या आरपार बघत पुढे जायची. त्यांच्यात शब्द म्हणून झाला नाही. गोदीत त्या बोटीमागून तशाच आणखी बोटी झाल्या, सगळ्या तिरक्या डेकच्या. दर वर्षी नवे वेल्डर, नवे नकाशेवाले लुरीनच्या टेबलावर जेवायला आले. तिचे केस पिकले, गस सेवानिवृत्त होऊन कॅरोलायनाला गेला, कोलार्डची भाजी तशीच राहिली. आणि जेवताना कोणी पोरगा नव्या बोटीचं कौतुक करायला लागला, की ती त्याच्यासमोरचं ताट उचलून आत न्यायची. मग तो उपाशी राहिला तरी चालेल.